न भुंकणारं पिल्लू

चिखलीतल्या त्या तीन मजली इमारतीत वच्छलाबाई मापारींना सगळे सिस्टर म्हणतात. आरोग्यसेविकेची नोकरी सोडून त्यांना चार वर्षं झाली, पण हाक तीच राहिली. वय सत्तावन्न. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, एकुलती एक मुलगी पूनम लग्न होऊन पुण्याला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहतात, आणि त्यांना फार कमी ऐकू येतं.

कानात घालायची मशीन आहे. समोर बसून कोणी सावकाश बोललं तर त्यांना सगळं कळतं. पण घरात मशीन घातली की पंखा, शेजारचा मिक्सर, खालचा रस्ता असं सगळं एकदमच डोक्यात घुसतं आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. म्हणून घरी आलं की मशीन डबीत. मग दाराची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, काहीच नाही.

जानेवारीत एका सकाळी त्यांनी कुकर लावला आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करायला बसल्या. शिट्ट्या झाल्या, कुकरातलं पाणी आटलं, डाळ करपली, धूर जिन्यात गेला. खालच्या मजल्यावरचे शेषराव आणि आणखी दोघं-तिघं दहा मिनिटं दार बडवत होते. शेवटी त्यांनी कडी तोडली. वच्छलाबाईंना यातलं काहीही कळलं नाही. समोरच्या भिंतीवर एक सावली हलली म्हणून त्या वळल्या, तर खोलीच्या दारात चार पुरुष उभे.

कुकर जळला त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण ती सावली मनातून जाईना. आपल्या पाठीमागे चार माणसं येऊन उभी राहिली आणि आपण घड्या घालत बसलो! त्या दिवसापासून दाराकडे पाठ करून बसणं बंद झालं. आंघोळीला जाताना त्या दोनदा कडी पाहून यायच्या, अंगावर दोन तांबे घेऊन पुन्हा बाहेर डोकवायच्या. भाकरी थापताना दर भाकरीला एकदा मान वळायची. महिनाभरात त्यांची मान आखडली.

पूनम व्हिडिओ कॉलवर तोंड कॅमेऱ्यासमोर धरून एकेक शब्द सुटा बोलायची. म्हणाली, "आई, एक तर इकडे ये, नाही तर कुत्रं पाळ."

"मले माणसाचं ऐकू येत नाई, कुत्र्याचं कुठून येईन?"

"तुला ऐकायचंय कुठं? बघायचंय. त्याचे कान उभे राहिले की तू दार बघायचं."

पुण्यात पूनमच्या घरी सासू-सासरे, दीर आणि दीडच खोली. तिथं जाण्याचा विचारच वच्छलाबाईंनी केला नव्हता. कुत्र्याचा मात्र त्या करायला लागल्या, आणि लागल्यावर त्यांना पहिली भीती वाटली ती शेषरावांची.

शेषराव कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष, बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांच्या पत्नीला, आशाबाईंना, अर्धशिशीचा त्रास. डोकं उठलं की त्या खिडक्या लावून पडून राहायच्या आणि शेषराव जिन्यात येऊन लोकांना हळू बोला म्हणून खुणा करायचे.

वच्छलाबाईंनी खाली जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. कुकरचा दिवस त्यांनाही आठवत होता. "आणा," ते म्हणाले. "पण एकच. लहान. आन् भुंकणारं नको, सिस्टर. हिचं तुमाले माहीत आहे."

वच्छलाबाई हो म्हणून जिना चढून वर आल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते भुंकतंय की नाही, हे आपल्याला कळणार कसं? ते दिवसभर भुंकेल, इमारत आपल्याला शिव्या देईल, आणि आपण त्याच्यासमोर बसून हसत भाजी निवडत असू.

तरी त्यांनी शोध सुरू केला. बुलढाण्याला पिल्लं विकणाऱ्या एकाकडे पांढरं, कापसाच्या बोंडासारखं पॉमेरियन पाहिलं. वच्छलाबाईंनी मशीन घातलेली होती. त्या अर्ध्या तासात ते एकदाही गप्प झालं नाही. खामगावच्या एका ओळखीच्यांकडे लॅब्राडोरचं पिल्लू होतं. शहाणं, गोड. पण त्याची आई पाहिली आणि त्यांनी मनातल्या मनात आपला जिना मोजला. लिफ्ट नाही. हे एवढं जनावर उद्या आजारी पडलं तर खाली नेणार कोण?

चिखलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर लिहून दिलं, कारण तोंडी सांगितलेलं राहून गेलं तर काय, ही वच्छलाबाईंची काळजी. फ्लॅटसाठी जातीपेक्षा स्वभाव पाहा. धावत येऊन अंगावर चढणारं नको, कोपऱ्यात लपणारंही नको. पिल्लांच्या मागे एक ताट पाडा. दचकून पुन्हा त्या ताटाचा वास घ्यायला येईल ते घ्या. आपलं गावठी कुत्रं इथल्या उन्हाला चांगलं, आजारही कमी.

गावठी म्हटल्यावर त्यांना तानाबाई आठवली. तानाबाईचं माहेर लोणार तालुक्यातलं. तिचं पहिलं बाळंतपण वच्छलाबाईंनी केलं होतं. आता ती नवरा मोतीराम याच्यासोबत अमडापूरला शेतात राहत होती, आणि तिच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं मागेच कळलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी वच्छलाबाई एसटीनं अमडापूरला उतरल्या. हातात झाकणाची वेताची टोपली, पिशवीत स्टीलचं ताट.

पाच पिल्लांतली तीन गेली होती. उरलेल्या दोन्ही माद्या, म्हणूनच उरलेल्या. एक तांबूस, नाकावर काळा पट्टा. दुसरी पांढरीशुभ्र, एक डोळा निळसर. शेतात हरभऱ्याची मळणी चालू होती आणि मशीनचा असा धडधडाट की वच्छलाबाईंनी कानातली मशीन काढून पदराला बांधली. तांबूस पिल्लू खाटेखाली बसून मळणीकडे टकमक पाहत होतं. पांढरं त्या धुराळ्यातच, मळणीयंत्रापासून वीस पावलांवर, पोट वर करून झोपलं होतं.

मोतीराम हसत जवळ आला आणि त्यांच्या तोंडासमोर मोठ्यानं म्हणाला, "पाहा शिस्टर, हे तुमच्यासाठीच आहे! एवढ्या गोंधळात झोपून राह्यलं. फ्लॅटात काय आवाज करीन थे?"

"भुंकते का?"

"कधीमधी."

वच्छलाबाईंना ते पिल्लू इतकं आवडलं की त्यांनी टोपलीचं झाकणही उघडून ठेवलं. हिरड्या पाहिल्या, लाल. पोट मऊ. डोळ्यांत चिपडं नाहीत. एवढ्यात मळणी जेवणासाठी थांबली, तशी त्यांनी कानातली मशीन पुन्हा घातली. ठरवून आलोय तर ताटही पाडून पाहू, म्हणून त्या दोन्ही पिल्लांच्या मागे गेल्या आणि ताट दगडावर सोडलं.

तांबूस पिल्लू हातभर उडालं. मग मान खाली घालून, एकेक पाय टाकत परत आलं, ताटाचा वास घेतला. पांढरं हातातून सुटताच पुन्हा झोपलं होतं, ते झोपलेलंच.

मग तांबूस पिल्लानं जे केलं ते तानाबाईनं रोजच पाहिलेलं होतं, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. ते बहिणीकडे गेलं आणि तिच्या मानेत नाक खुपसून दोनदा ढकललं. पांढरीनं डोळे उघडले. आधी तिनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग बहीण पाहत होती तिकडे. मग तीही ताटाकडे आली.

वच्छलाबाई खाली बसल्या.

आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं, मग तो पाहतोय तिकडे. नोकरीची शेवटची चार वर्षं त्यांनी हेच केलं होतं. उपकेंद्रात बायका बोलायच्या तेव्हा त्या सोबतच्या मदतनीसबाईचं तोंड पाहायच्या. ती हसली की हसायच्या, तिनं मान हलवली की हलवायच्या. कोणालाच कळलं नाही. मग एकदा आठव्या महिन्यातल्या एका पोरसवदा गरोदर मुलीच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी लावून त्या कान देऊन बसल्या आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. नळी सरकवली. काहीच नाही. मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. वच्छलाबाईंनी तिच्या कार्डावर लिहिलं, ठोके एकशे चाळीस.

बाळ ठीक जन्मलं. पण ते होईपर्यंतचे सतरा दिवस वच्छलाबाईंना अन्न गोड लागलं नाही. बारशाचे पेढे घरी आले त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कारण कोणालाच सांगितलं नाही, पूनमलाही नाही.

पांढरीच्या डोक्यामागे त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग तळहात जमिनीवर आपटला, तेव्हा ती वळली.

"मोतीराम, हिले ऐकू येत नाई."

"बह्यरी?" मोतीरामनं टोपी मागे सारली. "म्हंजे बिनकामाची."

तानाबाई म्हणाली, "म्हनूनच थे टॅक्टरसमोरून हालत नाई! परवा यायनं तिले पायानं सरकवली. म्या म्हणलं, कायची आळशी आहे वं माय." मग तिनं विचारलं, "मंग तुमी तांबडी नेता का शिस्टर?"

कोणीही नेली असती. न ऐकणाऱ्याला स्पर्शानं कसं सांगायचं हे त्या पिल्लाला दोन महिन्यांच्या वयात येत होतं. असं कुत्रं शोधून सापडलं नसतं. पण तांबडी गेली की पांढरीचे कान जाणार. मग ट्रॅक्टर, मळणी, रस्ता, आणि तिला ढकलायला कोणी नाही.

"मी चार दिवसांत कळवतो," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि रिकामी टोपली घेऊन एसटीत बसल्या.

ते चार दिवस वाईट गेले. एकीला आणलं तर दुसरी मरेल असं वाटायचं; दोघींना आणलं तर आपल्यालाच घर सोडावं लागेल असं. त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारलं. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं: बहिरं कुत्रं शांत असतं हा गैरसमज आहे. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. घाबरलं की ते इतरांपेक्षा मोठ्यानं ओरडतं. वच्छलाबाईंनी ते दोनदा लिहून घेतलं, जणू दुसऱ्या वेळी काही वेगळं निघेल.

पाचव्या दिवशी तानाबाईनं तांबडीला अंगणात सोडून पांढरीला, ट्रॅक्टरखाली येऊ नये म्हणून, दोरीनं बांधल्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "पांढरी जेवत नाही." वच्छलाबाई फोन हातात घेऊनच खाली शेषरावांच्या दारात गेल्या. मशीन घातली होती.

"मले दोन आणायच्या आहेत," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मोठ्या ओरडण्याचं सांगितलं होतं तेही. ते लपवावं असं येताना जिन्यात एकदा वाटलं होतं.

शेषराव म्हणाले, "एकच ठरलं होतं, सिस्टर. आन् त्यातही तुमी मले सांगून राह्यले, की एक ओरडणारं आहे म्हणून!"

"पंधरा दिवस द्या. तक्रार आली तर दोघींले परत नेऊन सोडतो."

आतून आशाबाई बाहेर आल्या. कपाळाला ओढणी बांधलेली. त्या वच्छलाबाईंच्या अगदी समोर आल्या आणि म्हणाल्या, "दुपारी एक ते तीन. तेवढं सांभाळसान का?"

"हाव."

"मंग आणू द्या हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पुन्हा आत जाऊन पडल्या.

त्या दोघी आल्या. तांबी आणि कापशी अशी नावं ठेवली. पहिल्या तीन दिवसांत वच्छलाबाईंचं वजन दोन किलो उतरलं असेल. दुपारी एक वाजला की त्या दोघींच्या मध्ये चटईवर बसायच्या आणि एकेक हात एकेकीच्या गळ्यावर ठेवायच्या. भुंकणं ऐकू येत नसलं तरी हाताला थरथर कळते. जरा थरथरलं की लगेच भाकरीचा तुकडा. जिन्यात कोणी भेटलं की त्या त्याच्या कपाळाकडे पाहायच्या, आठी आहे का. पहिल्या मजल्यावरची राखी एकदा नुसती खोकली, तर यांनी तिची माफी मागितली.

आपण बाजारात गेल्यावर घरात काय होतं, हा मोठा प्रश्न. पूनमनं फोनवर आवाज कसा टिपायचा ते दाखवलं. आवाज झाला की पडद्यावर रेघ उंच होते. चौथ्या दिवशी वच्छलाबाईंनी कापशीला स्वयंपाकघरात बंद केलं, कारण ती चपला चावायची, तांबीला बाहेरच्या खोलीत ठेवलं, फोन कपाटावर ठेवला आणि पाऊण तास भाजीला गेल्या. येऊन पाहतात तर रेघा काठोकाठ उंच, डोंगरासारख्या, जवळजवळ सगळा वेळ.

त्या तिथंच भिंतीला टेकल्या. मग टोपली काढली, तिच्यात जुनी चादर घातली. आज दुपारच्याच एसटीनं परत न्यायचं. पण न सांगता जायचं नाही म्हणून फोन घेऊन त्या शेषरावांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हे पाहा. पाऊण तास ओरडल्या. मी नेऊन सोडतो."

शेषरावांनी फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. वच्छलाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत उभ्या. मग त्यांनी फोन खाली केला आणि समोर येऊन सावकाश म्हणाले, "सिस्टर, ही आपल्या टाकीची मोटर आहे. तुमच्या भिंतीलेच लागून आहे. तुमाले माहीत नाई का?"

त्यांना माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या याच भिंतीला लागून राहत होत्या.

"आन् कुत्र्याचं?"

"आहे. शेवटी सात-आठ मिनिटं." शेषराव म्हणाले. "खोटं नाई बोलत. आवाज वाईट आहे. लेकरू रडल्यासारखा. हिची झोप मोडली."

वच्छलाबाईंनी मान खाली घातली. शेषरावांनी त्यांच्या खांद्याला बोट लावून पुन्हा वर पाहायला लावलं. "तुमी तिले कोंडलं होतं का?"

"स्वयंपाकघरात."

"आन् दुसरीले बाहेर? मंग ओरडीनच ना थे! तिले काय दिसलं असन? एकटीले कोंडू नका. अजून अकरा दिवस आहेत तुमचे."

टोपली पुन्हा कपाटावर गेली. त्या दिवसापासून दोघींना वेगळं ठेवलं नाही. चपला उंचावर ठेवल्या, उरलेल्या चावल्या गेल्या तर गेल्या. कापशीला बोलवायचं तर फरशीवर टाच आपटायची. ती वळली की तळहात आपल्याकडे. बस म्हणायचं तर मूठ. या खुणा तांबीही शिकली. पुढच्या टिपणांत मोटरीच्या रेघा कोणत्या, कापशीच्या कोणत्या, हे वच्छलाबाईंना ओळखू यायला लागलं. कधी दोन मिनिटं, कधी काहीच नाही, एकदा पुन्हा सहा.

अकराव्या दिवशी सकाळी त्या कणीक मळत होत्या, दाराकडे पाठ. पाठ झालीय हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं. पोटरीला काहीतरी ओलं लागलं. तांबी. तिनं नाकानं पुन्हा ढकललं, दारापर्यंत पळाली, परत आली. तिच्यामागे कापशी, तिचं तोंड पाहत. वच्छलाबाईंनी कणकेच्या हातानंच दार उघडलं. बाहेर गॅसवाला, बोट अजून बेलवरच.

"काय सिस्टर, आज पह्यल्याच बेलले!"

त्याला बहुतेक वाटलं असेल की बाईंना बरं नाही, कारण त्या तिथंच उंबऱ्यात बसल्या आणि सिलिंडर आत घ्यायला त्यालाच सांगितलं.

पंधरा दिवसांनी गच्चीवर बैठक झाली. नऊ फ्लॅटांपैकी दोघांनी विरोध केला आणि तो आजही आहे. त्यातले एकजण जिन्यात त्या दोघी दिसल्या की भिंतीला चिकटून उभे राहतात; वच्छलाबाई त्यांना वाट देण्यासाठी वर परत चढतात. शेषरावांनी अटी स्वतः लिहिल्या: जिन्यात दोरी, घाण स्वतः उचलायची, सगळी इंजेक्शनं, मोठ्या झाल्या की दोघींची नसबंदी, आणि दुपारी एक ते तीन. त्याखाली वच्छलाबाईंनी सही केली आणि घरी आल्यावर ताप आला.

आता दीड वर्ष होत आलं. नसबंदीच्या दिवशी त्या दवाखान्याबाहेर चार तास उभ्या होत्या. आत दोघींना एकाच जाळीत ठेवा, असं तिथल्या माणसाला त्यांनी इतक्यांदा सांगितलं की तो वैतागला. पूनम दिवाळीला आली तेव्हा त्यांनी तिला कार्डावरच्या त्या एकशे चाळीस ठोक्यांचं सांगितलं. पूनम रडली नाही की रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "इतके दिवस एकटीच घेऊन बसली होतीस?"

काळजी संपली असं नाही. ती फक्त दुसरीकडे गेली. डॉक्टर म्हणाले होते, गावठी कुत्री नीट सांभाळली तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतात. वच्छलाबाईंनी बेरीज केली, सत्तर. तोवर हा जिना आपल्याला चढवेल का? आणि मध्येच आपलं काही झालं तर कोणीतरी चांगल्या मनाचा माणूस येईल आणि एकीला घेऊन जाईल. एकीलाच. तांबीलाच नेतील, ती हुशार.

म्हणून गेल्या महिन्यात त्या पुन्हा अमडापूरला गेल्या. मोतीरामला खाटेवर समोर बसवलं, मशीन नीट लावली.

"मले काही झालं तर ह्या दोघी तुमच्याकडे येतीन. पण जोडीनं. एक ठेवून एक द्यायची नाई."

मोतीराम काहीतरी थट्टा करणार होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि केली नाही.

"जोडीनं," तो म्हणाला.

"तानाबाई, तू पण म्हण."

"जोडीनंच ठेवीन, शिस्टर. च्या घ्या आता, थंडा होऊन राह्यला."

वच्छलाबाईंनी चहा घेतला, आणि निघताना दोघांकडून ते आणखी एकदा म्हणवून घेतलं.